भांडणाचा हेवा

पडदा वर जातो तेव्हा लातुरातल्या गंजगोलाईपासून हाकेच्या अंतरावरची एक गल्ली दिसते. सकाळची वेळ. वरच्या अंगाला महादेवाचं बुटकं देऊळ, खालच्या अंगाला कोरडा पडलेला नाला, आणि मधोमध एक शिलाईचं दुकान. दुकानाला पाटी नाही. पाटीची गरजही नाही, कारण दारातच पायमशीन आहे, मशीनवर संगप्पा आहे आणि मशीनच्या पुढ्यात एक लांब लाकडी बाकडं आहे. डाळ मिलची पिवळसर धूळ कोवळ्या उन्हात तरंगतेय. रिकाम्या घागरी, डबे, बादल्या यांची रांग दुकानावरून खाली नाल्यापर्यंत गेलीय. माणसं दिसत नाहीत, नुसत्या घागरीच रांगेत उभ्या आहेत.

आणि बाकड्यावर भांडण चाललंय.

संगप्पा सरकार पक्षाचा. समोर बसलेला एसटी कंडक्टर देविदास लाल बावट्याचा. एकाचा आवाज खर्जातला, दुसऱ्याचा वरच्या पट्टीतला. हॉटेलवाल्यानं चहाचे कप धुता धुता हात थांबवलेत. जुन्या जाणत्या प्रेक्षकासारखी गल्ली कान देऊन ऐकतेय.

आता नजर जरा बाजूला न्या. बाकड्याच्या पार खालच्या टोकाला, अर्धा बाहेर, अर्धा आत, एक हाडापेरानं मोठा माणूस बसलाय. खांद्यावर टॉवेल, गुडघ्यांवर दोन पालथे पंजे. नाटकात राजाच्या मागं भाला धरून उभा असणारा एक शिपाई असतो. त्याला वाक्य नसतं, पण अंक संपेपर्यंत उभं राहावं लागतं आणि दरबार हसला की हसावंही लागतं. हा माणूस तो शिपाई. नाव भीमाशंकर. गोष्ट त्याची आहे.

एके काळी त्या बाकड्यावर राजाशेजारची जागा त्याचीच होती. तो आणि संगप्पा निलंग्याकडच्या एकाच गावचे. गाव असं, की बांधाच्या पलीकडं कानडी आणि अलीकडं मराठी, आणि घरात दोन्ही. दोघांच्या गळ्यात इष्टलिंग बांधलं ते एकाच स्वामींनी. निजामशाही गेली आणि दोघं मिळूनच लातूरला आले. संगप्पा मामाच्या हाताखाली शिवण शिकला. भीमाशंकर आडत बाजारात पोती उचलायला लागला आणि पुढं मापाडी झाला.

मापाडी म्हणजे शेतकऱ्याचा माल काट्यावर घालून मोजणारा आणि मोजता मोजता मोठ्यानं आकडा पुकारणारा. भीमाशंकरचा आवाज बाजारात ठरलेला होता. पहिल्या मापाला 'एक' म्हणायचं नसतं, 'लाभ' म्हणायचं असतं. लाभ, दोन, तीन अशी ती चाल. मापाड्यानं एकदा लाभ म्हटलं की त्या माणसाचा ढीग संपेपर्यंत कोणी मधे तोंड घालायचं नाही. मालकानं नाही, आडत्यानं नाही, खुद्द शेतकऱ्यानंही नाही. मधे बोललं की बरकत जाते. तुरीच्या ढिगासमोर उभं राहून भीमाशंकरनं 'ला...भ' अशी तान घेतली की भुसार लाइनच्या दुसऱ्या टोकाला बैलं कान टवकारायची.

तोच भीमाशंकर बाकड्यावर आला की त्याच्या घशातून एकच शब्द निघायचा, होकाराचा. 'हाव.'

संगप्पानं म्हणावं, "यंदा तूर चांगली हाय." ह्यानं म्हणावं, "हाव." संगप्पानं म्हणावं, "मत सरकार पक्षालाच द्यायचं." ह्यानं म्हणावं, "हाव की." भीतीपोटी नव्हे किंवा लाचारीनंही नव्हे. त्याला खरोखरच तसं वाटायचं. संगप्पाला जे आज सुचतं ते आपल्याला उद्या सुचणारच होतं, मग कशाला थांबायचं, असा त्याचा सरळ हिशेब. दोघं बसायचे, दोन वाक्यं बोलायचे, मग गप्प व्हायचे. मशीन चालायचं. वीस-बावीस वर्षं अशी गेली आणि त्यात काही उणं आहे असं भीमाशंकरला कधी वाटलं नाही.

मग खालच्या अंगाला भाड्यानं राहायला देविदास आला.

देविदास बिलोलीकडचा. लातूर-नांदेड गाडीवर कंडक्टर. पहिल्यांदा दुकानात आला तो खाकी पँट उसवली म्हणून. टाका पडायची वाट बघत उभा राहिला, भिंतीवरच्या पुढाऱ्याच्या कॅलेंडरकडं बघितलं आणि म्हणाला, "टेलर, ह्या तसबिरीनं भिंतीला ओल यायलीय बघा."

संगप्पानं मशीन थांबवलं. इतक्या वर्षांत त्या मशीनला कुणी बोलून थांबवलं नव्हतं.

"भिंत माझी हाय," संगप्पा म्हणाला.

"भिंत तुमची, ओल सरकारची."

झालं! जुगलबंदी सुरू झाली. धरणापासून सुरू झाली ती साखर कारखान्यावर गेली, तिथून रशियावर. पँट तशीच उसवलेली राहिली. शेवटी ड्युटीची वेळ झाली म्हणून देविदास उसवलेल्या पँटीवरच गाडीला पळाला, आणि दुसऱ्या दिवशी राहिलेलं भांडण पुरं करायला परत आला. तो येतच राहिला.

हळूहळू मशीनशेजारची जागा त्याची झाली. कुणी दिली नाही, कुणी हिसकावली नाही. भांडणाऱ्याला समोरच्याचं तोंड दिसावं लागतं, म्हणून भीमाशंकर एक वीत सरकला. मग आणखी एक वीत. असं करत करत तो बाकड्याच्या टोकाला पोचला.

"काय टेलर, तुमचं सरकार आज जागं झालं का न्हाई?" देविदास दुरूनच ओरडत यायचा.

"आमचं सरकार जागंच असतंय. तुमच्यावाणी बावटा पांघरून झोपत न्हाई."

"हाव, बरोबर हाय!" भीमाशंकर टोकावरून म्हणायचा. आपल्या पक्षाची बाजू राखली म्हणून त्याची छाती जरा फुगायची. संगप्पा त्याच्याकडं न बघताच हात पुढं करायचा. "भीमा, ते काळं रीळ दे बरं."

भीमाशंकर रीळ द्यायचा. पोटात काहीतरी जळायचं.

देविदास वाईट माणूस असता तर बरं झालं असतं. पण तो वाईट नव्हता. नांदेडच्या फेरीवरून येताना तो अर्धापूरची केळी आणायचा. एक फणी संगप्पाच्या मशीनवर ठेवायचा आणि आठवणीनं एक केळं भीमाशंकरच्या हातात द्यायचा. "घ्या अप्पा." फणी आणि केळं! भीमाशंकरनं ते केळं गल्लीतल्या शेळीला घातलं. शेळीला राजकारण नव्हतं, तिनं सालीसकट खाल्लं.

घरी गेल्यावर तो न जेवता बसला. त्याची बायको गंगम्मा भाकरी थापता थापता म्हणाली, "काय झालं ओ?"

"त्यो कंडक्टर."

"काय केलं त्यानं?"

"काई न्हाई. बसलाय."

"बाकडं हाय, माणूस बसंल न्हाई तर काय म्हैस बसंल?"

"तुला कळत न्हाई गंगे. मी एकटा असलो की संगप्पा दुपारचा भिंतीला टेकून झोपतोय. घोरतोय! कंडक्टर आला की डोळे असे लखलखतेत. मी काय झोपेचं औषध हाय का?"

गंगम्मानं तव्यावरची भाकरी उलटली. "तुम्हाला माझ्याशी भांडायचं असलं तर सांगा. मी रोज तयार असती, तुम्हीच हाव म्हणून उठून जाताव."

मत्सर माणसाकडून काय काय करून घेतो ते बघण्यासारखं असतं. एकदा संगप्पा आतल्या खोलीत लिंगपूजेला बसला होता. देविदास आला तसा भीमाशंकर गंभीर चेहऱ्यानं म्हणाला, "आज भांडण न्हाई. संगप्पा उदगीरला लग्नाला गेलाय." देविदास बरं म्हणून वळला, तोच कपाळाला ताजी विभूती लावून संगप्पा पडदा सारून बाहेर.

"या कंडक्टर!"

"उदगीरहून लईच लवकर आलात टेलर. कोणत्या गाडीनं आलात? त्या गाडीवर बदली मागतो मी."

दोघं इतके हसले की संगप्पाला ठसका लागला. पाण्याचा तांब्या पुढं करायचं काम अर्थात भीमाशंकरचं.

त्यांच्या साऱ्या भांडणांतलं थोरलं भांडण जिल्ह्याचं होतं. तेव्हा लातूर उस्मानाबाद जिल्ह्यात. कागदाच्या एका शिक्क्यासाठी माणूस उस्मानाबादला जायचा, मुक्काम करायचा आणि साहेब दौऱ्यावर आहेत हे ऐकून परत यायचा. लातूरचा वेगळा जिल्हा होणार असं संगप्पा वर्षानुवर्षं सांगत होता. देविदास म्हणायचा, "कलेक्टरची खुर्ची आली म्हणून आडाला पाणी येणार हाय का? बंगले व्हतेल, मोटारी व्हतेल, खालच्या गल्लीत नाला हाय तसा राहील. आणि मुळात जिल्हा व्हतच न्हाई. लावा पैज."

"काय लावतोस?"

"जिल्हा झाला तर महिनाभर तुमच्या घरचं पाणी मी भरतो. न्हाई झाला तर तुम्ही माझा बावटा शिवायचा, फुकट, रेशमी काठ लावून."

ही पैज ऐकून भीमाशंकर टोकावर ताठ झाला. कारण संगप्पाच्या घरचं पाणी आधीपासून तोच भरत होता.

संगप्पाचा डावा गुडघा मशीनच्या पायट्यानं कायमचा गेलेला. पोरगी देगलूरला दिलेली, बायको नागम्मा तिच्या बाळंतपणाला जाऊन महिनोन्‌महिने तिकडंच. म्हणून भीमाशंकर पहाटे बाजाराला निघण्याआधी दोन घागरी संगप्पाच्या दाराशी आणून ठेवायचा. कुणी सांगितलं नव्हतं. संगप्पानं कधी विषय काढला नाही, ह्यानं कधी ऐकवला नाही. सूर्य उगवतो तशा घागरी यायच्या.

१९८२च्या ऑगस्टमध्ये जिल्हा झाला. गोलाईत हलगी वाजली, पेढे वाटले गेले. संगप्पानं रात्रंदिवस मशीन मारून वरच्या गल्लीसाठी पताका शिवल्या. आणि आभाळानं मात्र त्याच साली तोंड फिरवलं. आड तळाला गेले, नळ फुसफुसायला लागले. नव्या जिल्ह्याच्या आनंदात लोक घागरी घेऊन लांबच्या बोअरवर जायला लागले.

जिल्हा झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी देविदास खाकी पँट गुडघ्यापर्यंत दुमडून संगप्पाच्या दारात हजर. "हरलो टेलर. काढा घागर."

काय तो प्रवेश! अख्खी गल्ली ओट्यावर आली. पुढं डोक्यावर घागर घेऊन लाल बावट्याचा कंडक्टर, मागं लंगडत, रिकाम्या हातानं सरकार पक्षाचा संगप्पा. आणि दोघांची तोंडं एकसारखी चालू.

"बघा लोकहो, कलेक्टर आला आणि पहिलं काम काय केलं, तर मला पाणक्या केला!"

"नाटकं करू नको, सांडतंय पाणी! जिल्ह्याचं पाणी हाय ते!"

"जिल्ह्याचं? आवो बोअर साहेबाच्या आधीची हाय!"

बायका पदर तोंडाला लावून हसत होत्या. हॉटेलवाल्यानं देविदासला फुकट चहा पाजला. वाड्या-वस्त्यांवर ही गोष्ट गेली. हरावं तर कंडक्टरसारखं, असं लोक बोलायला लागले.

भीमाशंकर आपल्या दारातून हे बघत होता. त्याचे दोन्ही हात रिकामे होते. त्याच्या घागरी कुणी कधी ओट्यावर येऊन बघितल्या नव्हत्या. मायेनं आणलेलं पाणी निमूट येतं. हरून आणलेल्या पाण्याची मात्र मिरवणूक निघते. त्या महिनाभर भीमाशंकरला पहाटे जाग यायची, हात आपोआप घागरीकडं जायचा आणि मग आठवायचं, आज आपली गरज नाही. तसा तो घोंगडीवर बसून राहायचा, बाहेर अंधारातून येणाऱ्या त्या दोन आवाजांकडं कान लावून.

तिथंच त्याच्या डोक्यात ते शिरलं. संगप्पाला आपला माणूस नको आहे. त्याला विरोधी माणूस पाहिजे. मग आपणच विरोधी झालो तर?

तो झाला. पाण्यासाठी लाल बावट्याचा मोर्चा नव्या कलेक्टर कचेरीवर निघाला, त्यात बाजारातलं धोतर नेसून भीमाशंकर सगळ्यात पुढं चालला. उंच माणूस, लपणार कुठं? संध्याकाळच्या आत बातमी दुकानात पोचली. दुसऱ्या दिवशी तो बाकड्यावर आला तो टोकाला बसला नाही. देविदास ड्युटीवर होता. भीमाशंकर मशीनशेजारी बसला, घसा साफ केला, आणि रस्ताभर घोकलेलं वाक्य टाकलं.

"कलेक्टरची खुर्ची आली म्हणून आडाला पाणी आलं का?"

मशीन थांबलं. भीमाशंकरचं काळीज आनंदानं उडालं. थांबलं! त्याच्या बोलण्यानं मशीन थांबलं!

संगप्पा त्याच्याकडं बघत राहिला. आवाज चढेल, मांडीवर थाप पडेल, म्हणून भीमाशंकर वाट बघत होता. तसं काही झालं नाही.

"भीमा, काल तू मोर्च्यात व्हतास?"

"हाव."

"तुला खरंच असं वाटतंय?"

"हाव."

"कवापासून?"

ह्याचं उत्तर घोकलेलं नव्हतं.

"तीस वर्षं मी बोलायलोय आणि तू हाव म्हणायलास," संगप्पा हळू म्हणाला. "मला वाटलं, एक तरी माणूस हाय जो माझ्यासारखा इचार करतोय. ते सगळं नुस्तं तोंडदेखलं व्हतं?"

"तसं न्हाई संगप्पा..."

"असू द्या. ज्याचं त्याचं मत." आणि तो मशीनकडं वळला.

असू द्या! संगप्पानं त्याला 'असू दे' नाही, 'असू द्या' म्हटलं.

त्या दिवसापासून संगप्पानं भांडण नाही, अबोला नाही, शिवी नाही, काहीच दिलं नाही. दिला तो मान. "या भीमाशंकरराव." "बसा." "चहा घेता का?" सोबत विटीदांडू खेळलेल्या माणसानं अहोजाहो करावं, यापरीस त्यानं कातरीनं भोसकलं असतं तर चाललं असतं. आणि देविदास आला की, "ये रे ये कंडक्टर, मर इथं!" एवढं प्रेम! भीमाशंकर ऐकायचा आणि उठून जायचा. काही दिवसांनी तो यायचाच बंद झाला.

एका संध्याकाळी देविदास तिकिटांची पेटी खांद्याला अडकवलेली तशीच त्याच्या दारात आला. गंगम्मानं घोंगडी टाकली. भीमाशंकरनं मान फिरवली.

"अप्पा, मोर्च्याला तुम्ही कामून आलते?"

"पटलं म्हणून."

"खोटं नका बोलू. मी तुमच्या मागंच व्हतो. आम्ही घोषणा दिली की माणसं जिंदाबाद म्हणायची, आणि तुम्ही म्हणत व्हते, हाव! म्हागचे पोट धरून हसायलते."

गंगम्मा चुलीकडं तोंड करून खांदे हलवत होती. भीमाशंकरनं पायाच्या अंगठ्याकडं बघितलं. मग एकदाचा ओकला. "त्यो तुझ्याशी बोलतोय. माझ्याशी बोलत न्हाई. कधीच बोलला न्हाई."

देविदासनं खांद्यावरची पेटी उतरवून खाली ठेवली. "एक सांगू का अप्पा? मी इतकी वर्षं तिथं बसायलोय. माझ्यासमोर टेलरनं कधी डोळा मिटला का? एकदा तरी? कंबर मोडायची, पर ताठ बसणार. कामून? मी त्येला झोपेत गाठीन म्हणून. तुम्ही आलात की माणूस भिंतीला टेकून घोरतोय. दुकान उघडं, गल्ला उघडा, तोंड उघडं." तो कसनुसा हसला. "मी परगावचा माणूस. ह्या अख्ख्या लातुरात माझ्याजवळ असं कुणी झोपत न्हाई. मला तुमचा लई हेवा वाटतोय, खरं सांगतो."

आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी भीमाशंकरचा हेवा केला होता. त्याला इतकं गार वाटलं की देविदास गेल्यावर गंगम्मानं विचारलं, "तोंड असं कामून हसरं झालंय? कुठं पाणी लागलं का?"

पण गारवा टिकला नाही. देविदास समजला म्हणून संगप्पा थोडाच समजला होता? दुकानात 'या भीमाशंकरराव' तसंच होतं.

दरम्यान नव्या जिल्ह्याचा टँकर गल्लीत यायला लागला. खटपट संगप्पाची, पक्षाच्या मोठ्या माणसांकडं खेटे त्यानंच घातलेले, म्हणून वाटपही त्याच्याकडं आलं. टँकर देवळापाशी उभा राहायचा. आधी वरची गल्ली भरायची. तिथं सगळी सरकार पक्षाची घरं. मग उरलं तर खालची. खाली भाडेकरू, हमाल, बावट्यावाले. बहुतेक वेळा उरायचं ते तळाचं, गंजाच्या रंगाचं.

ह्यावर बाकड्यावर रोज भांडण व्हायचं, हे सांगायला नकोच. देविदास त्यावर मोठमोठी भाषणं करायचा, संगप्पा तशीच उत्तरं द्यायचा. एकाहून एक वाक्यं पडायची. भांडण रंगायचं, देविदासच्या गाडीची वेळ व्हायची, आणि टँकर दुसऱ्या दिवशी पुन्हा देवळापाशीच उभा राहायचा.

आता पहिल्या प्रवेशातल्या त्या सकाळीच आपण परत आलो आहोत. कितीतरी दिवसांनी भीमाशंकर बाकड्याच्या टोकावर येऊन बसला होता, कारण टँकरची वाट बघायला दुसरी जागा नव्हती. "बसा," संगप्पानं म्हटलं होतं. तेवढंच.

टँकर आला. वरच्या गल्लीच्या घागरी धावल्या. रांगेत सगळ्यांच्या पुढं घागर होती ती खालच्या अंगाच्या सुभद्राबाईची. म्हातारी एकटी, पहाटेपासून तिनं नंबर लावलेला. कुणीतरी पायानंच तिची घागर मागं सरकवली. ती काही बोलली नाही. तिनं घागर उचलली, पुन्हा पुढं ठेवली. पुन्हा ती मागं गेली.

"हेच ते तुमचं कल्याणकारी राज्य!" बाकड्यावर देविदास कडाडला.

"तुमच्या राज्यात टँकरच आला नसता!" संगप्पानं मांडीवर थाप मारली. दोघांचे डोळे लखलखत होते.

त्या क्षणी भीमाशंकरला न्याय-अन्याय आठवला असं म्हटलं तर त्याच्यावर उपकार केल्यासारखं होईल. त्याच्या पोटात उसळला तो तोच जुना जाळ. ह्यांचं चाललंय! म्हातारीची घागर कोरडी आणि ह्या दोघांचं मजेत चाललंय! पण उठून टँकरकडं चालता चालता त्याची नजर सुभद्राबाईच्या तोंडाकडं गेली. मग पायांना कारण बदलल्यासारखं झालं. जाळ तोच राहिला, फक्त त्यावर दुसरंच काही शिजायला लागलं.

त्यानं टँकरची नळी धरली. म्हातारीची घागर तिच्याखाली ठेवली. छाती भरून घेतली. आणि आडत बाजारातला तो आवाज पहिल्यांदाच ह्या गल्लीत घुमला.

"ला...भ!"

गल्ली जागच्या जागी थिजली. वरच्या अंगाच्या निम्म्या घरांची चूल आडत बाजारावर चालायची. बाकीचे शेतकऱ्याचेच लेक. पुढं आलेल्या घागरी आपोआप मागं झाल्या. संगप्पा मशीनवरून उठला, तोंड उघडलं, आणि शब्द गिळला. बापाच्या ढिगापुढं उभा राहिलेला होता तोही. लाभ म्हटल्यावर मधे कोण बोलणार?

"दोन!" पुढची घागर खालच्या अंगाची. "तीन!" तिच्यापुढची पण. भीमाशंकर पुकारत गेला, घागरी भरत गेल्या, कुणाला काठोकाठ नाही आणि कुणाला तळाचं नाही. खालच्या अंगाचा शेवटचा डबा भरला तेव्हा तो थांबला, वरच्या अंगाकडं वळला, आणि पुन्हा पहिल्यापासून म्हणाला, "लाभ!" वरच्यांनाही पाणी मिळालं. रोजच्यापेक्षा जरा कमी.

टँकर गेला. मग संगप्पा लंगडत, चपलाही न घालता, रस्त्यात आला.

"भीम्या!"

भीमाशंकरच्या कानात तो शब्द पडला. राव नाही, अहो नाही. भीम्या.

"टँकर कुणी आणला रे?"

"तू आणलास."

"मग वाटायचं कुणी?"

"तूच वाट. पर बरोबर वाट."

"पुन्हा बावट्याचं बोलायलास?"

"बावटा गेला खड्ड्यात! मी जल्मभर तुझ्याच पक्षाचा हाय, म्हणून बोलायलोय. तुझं चुकलं तर खाली मान माझी जाती. त्या कंडक्टरचं काय जातंय? त्येला तर भाषणाला इषय मिळतोय."

बाकड्यावर देविदासच्या हातातला चहाचा कप तोंडाशी येता येता थांबला.

"तीस वर्षं हाव म्हणलास ना?" संगप्पाचा आवाज चढला होता, पण चिरकतही होता. "मग त्ये काय व्हतं?"

"तीस वर्षं तू बरोबर व्हतास. आज न्हाईस."

"वरच्या गल्लीनं पक्षासाठी राबायचं आणि पाणी पहिलं बावट्याला?"

"सुभद्राबाईनं कुणाला मत दिलं ते तिच्या घागरीला ठाव हाय का? तुला ठाव हाय का? तिलाबी ठाव नसंल, चष्मा कुठाय तिला!"

"कुणाला दिलं म्हणून काय विचारता," सुभद्राबाई घागर कमरेवर घेत म्हणाली, "दोघंबी येऊन गेलते, दोघालाबी हाव म्हणलं मी."

वरच्या अंगाचे लोक हसले, खालच्या अंगाचे हसले. ते दोघं मात्र हसले नाहीत. रस्त्याच्या मधोमध, छातीला छाती भिडवून, निलंग्याकडच्या बांधावर भांडावं तसं भांडत राहिले. मधेच कानडी आली, लहानपणची, घरातली, कितीतरी वर्षांत न वापरलेली. संगप्पाच्या कपाळावरची विभूती घामानं ओघळायला लागली आणि त्याच्या डोळ्यांत ते लखलखणं आलं.

देविदासला राहवेना. हातातला चहा खाली ठेवून, बाही वर सारत तो मधे घुसला. "शाब्बास अप्पा! आता ऐका टेलर, मी सांगतो ह्येच्या मागचं कारण..."

भीमाशंकरनं मानसुद्धा पुरती वळवली नाही. एक पंजा मागं नेऊन त्यानं देविदासची छाती हळूच दूर सारली आणि म्हणाला, "कंडक्टर, तू जा बरं तुझ्या नांदेडच्या गाडीला. हे भांडण माझं हाय."